टीव्हीची पारख

यमुताई कामठीहून सकाळच्या पहिल्या बसने आली. तिच्या एका हातात शामलासाठी शिवलेला नवा फ्रॉक होता आणि दुसऱ्या हातात रिकामी पत्र्याची पेटी. पेटी रिकामी का आणली हे नंदनवन वस्तीतल्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी विचारले नाही. कौसल्येने पेटी पलंगाखाली सरकवली आणि नणंदेला पाणी दिले. देताना तिने नणंदेच्या तोंडाकडे पाहिले नाही.

"पोट्टी कुठी आहे?" यमुताईने विचारले.

"न्हाऊन राहिली."

"एकटी?"

"दाराशी तिची आजी बसली आहे. त्याबिगर न्हानीत पाय नाही ठेवत आता."

शामला मारोतराव आणि कौसल्येची एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. दसऱ्याच्या आधीपर्यंत ती मागच्या अंगणातल्या पेरूच्या शेंड्यावर बसून पुस्तक वाचायची. आता तिला मागच्या खोलीतून पाट आणायलाही सोबत लागत होती. सहामाहीत गणितात शंभरापैकी एकवीस गुण मिळाले. मारोतराव तापट माणूस, पण निकाल पाहून तो ओरडला नाही. प्रगतिपुस्तक त्याने खिशात घातले, कळमन्याच्या धान्यबाजारात दिवसभर तसेच बाळगले आणि संध्याकाळी एका गिऱ्हाइकाबरोबर कामठीला बहिणीकडे निरोप पाठवला. रविवारी ये आणि शामलाला घेऊन जा. तुझ्याकडे टीव्ही नाही. तिथल्याच शाळेत नाव घालू.

ही १९८७ सालची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते.

टीव्हीच घराबाहेर का काढला नाही, असे आज कोणीही विचारील. पण तो टीव्ही धाकटी सून पुष्पलता हिच्या माहेरचे आंदण होता. लाकडी पेटीचा, पुढे दोन सरकत्या झडपांचा, वर तिच्या आईने विणलेला रुमाल. सुनेचे आंदण थोरल्या दिराने उचलून बाहेर ठेवले असते तर दुसऱ्या दिवशी व्याही दारात उभे राहिले असते. म्हणून टीव्ही राहणार होता आणि मुलगी जाणार होती.

चहा झाल्यावर मारोतरावाने विषय काढला.

"ताई आली तं आता बोलून मोकळं होऊ. संध्याकाळच्या बसनं शामला जाईन."

"कोनाले इचारलं?" वामनराव म्हणाले. ते दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते. चाळीस वर्षे धान्याची अडत केलेला माणूस. आता दुकान मारोतराव पाहत होता, पण घरात शेवटचा शब्द अजून म्हाताऱ्याचाच होता.

"तुमाले सांगूनच राहिलो ना, बाबा."

"सांगनं येगळं, इचारनं येगळं."

"त्यात इचाराचं काय? पोट्टी बिघडली त्या डब्ब्यानं. शाळेतून आली का त्यात तोंड घालून बसते. रात्री भेव लागते म्हनते. गनितात एकवीस. आनखी काय पाहाचं?"

स्वयंपाकघरात पुष्पलताच्या हातातली बशी वाजली. कौसल्या तिथेच कांदा चिरत होती. जावेला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ती म्हणाली, "घरी रेडिओ होता तवा कोनी नापास नाही झालं."

"बाई, तो टीव्ही आपल्या पायानं चालू होत नाही," पुष्पलता म्हणाली. "तुमीच म्हनता, शामले, टीव्ही लाव आन् बस तिथं, मले सैपाक करू दे."

कौसल्येचा कांदा बारीक होत गेला. ती गोष्ट खरी होती. मुलगी टीव्हीसमोर बसली की निदान दोन तास हाताखाली येत नाही, याचे तिला बरे वाटायचे.

बाहेर वामनरावांनी विचारले, "मारोत, तू कधी पाहिलं का, त्यात काय दाखवते?"

"मले कुठं टाइम आहे? सहाले निघतो मी घरून."

"म्हनजे पोतं न उघडताच माल वापस?"

"तुमी तरी कुठं पाहिला?"

"नाही पाहिला. मी म्हनलं, सरकारी आहे. तपासाचं काय?"

सगळ्या घराचे तसेच झाले होते. बाजारात सरकारी शिक्क्याच्या वजनावर कोणी शंका घेत नसे, तसा त्या घराने टीव्ही घेतला होता. दिल्लीहून येते म्हणजे तिथे कोणीतरी शिकलेल्या माणसाने पाहून-सवरूनच पाठवले असणार. घरात आलेल्या नव्या मिरच्या शामलाची आजी रुखमाबाई चाखून पाहत. दूधवाला बदलला तर दूध आटवून पाहत. पण टीव्ही आल्यापासून दोन वर्षांत घरातल्या एकाही मोठ्या माणसाने मुलीशेजारी बसून एक कार्यक्रम पुरा पाहिला नव्हता.

"आज पाहू," वामनराव म्हणाले. "पोतं तीन जागी टोचा लागते. तोंडाशी, पोटात आन् बुडात. तोंडाशी तं सगळेच चांगला माल ठेवतात. आज रविवार आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तीन नमुने काढतो. माल खराब निघाला तं व्याह्याच्या घरी मी स्वतः जाईन आन् हात जोडून टीव्ही वापस देईन."

"आन् चांगला निघाला तं?"

"तं पोट्टीले काय झालं, ते दुसरीकडं पाहा लागंल."

"आन् माया बसचं?" यमुताई म्हणाली.

"सहाची पकडजो. आतापासून काहून घाई करून राहिली?"

धाकटा मुलगा मनोहर बँकेत कारकून होता. मघापासून त्याने वर्तमानपत्र असे धरले होते की त्याचे तोंड कोणाला दिसू नये.

"मनोहर, तू काय म्हनते?"

"मी? मी अँटेना नीट करून येतो," असे म्हणून तो चप्पल न घालताच गच्चीवर गेला.

त्या दिवसांत टीव्ही पाहणे हे एका माणसाचे काम नव्हते. एक जण गच्चीवर नळी धरून उभा राही, एक जण जिन्यात आणि एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "आवाज आला, माणसं नाही आले." "आता?" "आले, आले, सोडू नको!" असा निरोप वर-खाली जायचा. कधीकधी वरच्याने हात सोडला की चित्र जाई आणि त्या बिचाऱ्याला अर्धा कार्यक्रम कावळ्यांबरोबर उभे राहावे लागे. आता भिंतीवर कागदासारखा पातळ टीव्ही लटकतो आणि पाहायला घरात माणूस नसतो. त्या मुंग्या उडणाऱ्या चित्राला किती हात लागत, ते आठवले की हसू येते आणि थोडे वाईटही वाटते.

नऊ वाजता मुलांचा कार्यक्रम लागला. वामनराव खुर्चीवर, शामला त्यांच्या पायाशी चटईवर, रुखमाबाई मागे तुरी पाखडायला सूप घेऊन. गोष्टीत चार दोस्त एक हरवलेली सायकल शोधत होते.

"हे पोट्टे कोनाचे?" वामनरावांनी विचारले.

"कोनाचे म्हनजे? दोस्त आहेत ते, आबाजी. चष्मेवाला हुशार आहे."

"यायचे मायबाप कुठी आहेत?"

"मायबाप नाही दाखवत."

"मंग यायले जेवाले कोन देते? सकाळपासून हिंडून राहिले."

शामला हसली. आजोबांच्या गुडघ्यावर डोके टेकून खळखळून हसली. रुखमाबाईंचा सुपावरचा हात थांबला. दीड महिन्यात तो आवाज त्या घरात आला नव्हता.

मध्येच एक बाई बिस्किटे घेऊन आली. वामनराव दचकले. "गोष्ट कुठी गेली?"

"जाहिरात आहे आबाजी. थांबा, येते गोष्ट."

"म्हनजे गोष्टीच्या मधात माल विकून राहिले? तुले घ्यावंसं वाटते का ते?"

"वाटते."

"मले पन वाटलं," म्हातारा म्हणाला. "ही बाई हुशार आहे."

सायकल सापडली. ती ज्याच्यावर संशय होता त्या चौकीदाराने नव्हे, चष्मेवाल्याच्या मामानेच नेली होती. वामनरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि दाराशी उभ्या असलेल्या मारोतरावाला सांगितले, "तोंडाशी माल साफ आहे. जाहिरातीचे खडे आहेत, पन ते निवडता येते. शेजारी बसून सांगा लागते, हा दाना आन् हा खडा."

"चार पोट्टे सायकल धुंडून राहिले, त्यात गनित कुठी आहे?" मारोतराव म्हणाला.

"तू शिकला गनित. सायकल धुंडून देशीन का कोनाची?"

यमुताई पदरात तोंड घालून हसली. मारोतरावाने बहिणीकडे रागाने पाहिले. ती आपल्या बाजूची, असे तो सकाळपासून धरून चालला होता.

दुपारी जेवणे झाल्यावर दक्षिणेकडचा सिनेमा लागला. भाषा कोणालाच कळत नव्हती. खाली इंग्रजी अक्षरे यायची आणि शामला वाचेपर्यंत निघून जायची. यमुताईला बसल्याबसल्या डुलकी लागली. वामनराव मात्र जागे होते. ते सिनेमाकडे पाहतच नव्हते, नातीकडे पाहत होते. बाजारातही त्यांची तीच रीत होती. माल हाताने पाहायचा आणि डोळ्यांनी माणूस.

सिनेमातली एक म्हातारी कंदील घेऊन जिना चढू लागली. चित्रात दुसरे काही नव्हते. जिना, कंदील आणि म्हातारीचा श्वास. शामला सरकत सरकत आजोबांच्या पायाशी आली. तिने त्यांच्या धोतराचा काठ मुठीत धरला. म्हातारीने कडीला हात लावला आणि शामलाने डोळे गच्च मिटले.

दार उघडले. आत नारळांचा ढीग होता. म्हातारीने त्यातला एक उचलला आणि ती खाली उतरली.

"गेलं का?" शामलाने मिटल्या डोळ्यांनी विचारले.

"काय गेलं?"

तिने धोतराचा काठ आणखी घट्ट धरला.

वामनरावांनी उठून टीव्ही बंद केला. घरात एकदम शांत झाले, तशी यमुताई जागी झाली. दार उघडायच्या आधीच मुलीने डोळे मिटले होते. म्हणजे दारामागे काय असते हे तिला ठाऊक होते. म्हणजे हिने दुसरे कुठले तरी दार पाहिले होते.

"शामले, तू कोनतं दार पाहिलं?"

"मी नाही सांगत."

"काहून?"

"मी कामठीले जाते, आबाजी. आत्यासोबत जाते. चालते मले."

"पाहा," मारोतराव म्हणाला. "तिलेच समजते."

कौसल्या उंबऱ्यावर उभी होती. आठ दिवस ती नवऱ्याशी भांडत होती की माझी मुलगी माझ्याशिवाय राहणार नाही. मुलीच्या तोंडचे शब्द ऐकून ती तिथेच खाली बसली. "तुले माझ्याजवळ राहाचं नाही का वं?"

"राहाचं आहे," शामला म्हणाली. "पन इथं राहिली तं आबाजी इचारतीन. मंग मी सांगून टाकीन. मंग तू मरशीन."

कोणालाच काही कळले नाही. कळले ते स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या पुष्पलताला.

लग्नाला दोन वर्षे झाली, पण ती सासऱ्यांशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. पाणी ठेवायचे, ताट वाढायचे आणि पदर सावरून आत जायचे. दीड महिन्यापासून तिच्या छातीवर एक ओझे होते. रोज सकाळी ती मनोहरला म्हणे, सांगून टाका. तो म्हणे, विसरून जाईल ती. मग रोज संध्याकाळी पुष्पलता स्वतःला समजावी की आपण नव्या, आपण बोललो तर आपल्याच टीव्हीवर येईल. आता तिने पदर डोक्यावर घेतला आणि ती बैठकीत येऊन उभी राहिली.

"मामाजी, तो माल ह्या पोत्यातला नाही. बाहेरून आनला होता."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेला मनोहर उठला. "मी आनला होता, बाबा."

मग सगळे बाहेर आले. दसऱ्याच्या आधी काटोलला तेरवी होती. मोठी माणसे दोन दिवस तिकडे गेली होती. मनोहरने भाड्याने व्हीसीआर आणला, बँकेतले दोस्त बोलावले. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या, कारण उजेडात चित्र दिसत नव्हते. तीन कॅसेटी होत्या. त्यातला एक सिनेमा भुताचा होता. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, शामला घरी आली आणि अंधारात सगळ्यांच्या मागे गुपचूप बसली. पुष्पलता आत भजी तळत होती. शामला ओरडली तेव्हा कुठे मनोहरला कळले की मुलगी खोलीत आहे.

"काय होतं त्या दाराच्या मांगं?" वामनरावांनी विचारले.

"एक बाई होती. तिले तोंड नव्हतं," मनोहर खाली पाहत म्हणाला. "दादा रागावतीन म्हनून मी शामलाले शपथ घातली. मायची. कोनाले सांगितलं तं माय मरंल."

मारोतराव त्याच्या अंगावर धावून गेला. "मनोहऱ्या! मी टीव्हीले शिव्या दिल्या, मास्तरले शिव्या दिल्या, तुया वहिनीले नाही नाही ते बोललो! आन् तू पेपर वाचून राहिला होता!"

"दादा, मारा मले."

"मारून काय होते? एकवीसचे बेचाळीस होतीन का?"

कौसल्या मात्र दिरापाशी गेली नाही. ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. "पाय माझ्याकडं. मेली का मी? ताठ उभी आहो ना?"

"तू बसली आहे," शामला रडत म्हणाली.

कौसल्या उठून उभी राहिली. "आता?"

"पन मी नाही सांगितलं. काकानं सांगितलं. मी सांगितलं असतं तं..." तिने मनोहरकडे पाहिले. "काका, सुटली म्हना."

"सुटली," मनोहर म्हणाला.

"असं नाही. मायच्या शपथीची तीनदा म्हना लागते."

तिशीला आलेला, बँकेत नोकरी करणारा माणूस पुतणीसमोर हात जोडून उभा राहिला आणि तीन वेळा म्हणाला, "सुटली, सुटली, सुटली." शामला आईच्या कमरेला बिलगली. मग तिने ती बाई कशी होती, तिचे केस कसे होते, ती कुठून कुठे गेली, सगळे भडाभडा सांगितले. रुखमाबाई सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या.

"तोंड नव्हतं तं ती खात कशानं होती?" त्यांनी विचारले.

शामला थांबली. हा विचार तिने केला नव्हता. "ठाऊक नाही," ती म्हणाली आणि नाक पुसू लागली.

कौसल्येने पुष्पलताकडे वळून पाहिले. "तुले एवढे दिवस ठाऊक होतं?"

"हाव, बाई."

"आन् मी रोज पोट्टीवरून लिंबू उतरवून फेकून राहिली. तूच आनून देत होती लिंबं."

"मले वाटलं, निदान तेवढं तरी करावं," पुष्पलता म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. कौसल्या रागावणार होती, पण तिला स्वतःचेच शब्द आठवले. टीव्ही लाव आणि बस तिथे. ती जावेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्या दुपारपासून दोघींचा स्वयंपाक एका चुलीवर होता तसाच एका मताने होऊ लागला.

सगळ्यांना वाटले, संपले. पण मारोतराव दारातून हलला नाही.

"तरी ती जाईन," तो म्हणाला. "मी आता टीव्हीच्या नावानं नाही म्हनत. ह्या घरात आपन मोठे सहा जन आहो. पोट्टी दीड महिना भेली, आन् एकालेही दिसलं नाही. ज्याईले ठाऊक होतं ते बोलले नाही. अशा घरात तिले कोनाच्या भरोशावर ठेवू? ताई एकटी आहे, पन नजर ठेवीन."

मारोतराव रागाने बोलला असता तर सगळे त्याच्यावर तुटून पडले असते. तो हळू बोलला, म्हणून ते लागले.

यमुताई म्हणाली, "मी तं फ्रॉक पन शिवला. पोट्टे नोकरीवर गेले, घर खाले धावते." ती शामलाकडे पाहत होती. "पन मी ओढून नाही नेत."

"मी जाते म्हनलं ना," शामला म्हणाली. शपथ सुटली होती, पण बापाचा शब्द मोडायचे तिला धैर्य नव्हते.

साडेचार वाजले होते. वामनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

जुन्या बाजारात धान्याचा सौदा तोंडाने होत नसे. अडत्या आणि व्यापारी दुपट्ट्याखाली हातात हात घालत आणि बोटे दाबून भाव सांगत. भोवती पन्नास माणसे असली तरी कोणाला कळत नसे. वामनरावांनी तीच रीत घरात आणली होती. जमिनीची वाटणी, यमुताईचे लग्न, हे घर बांधणे, सगळे दुपट्ट्याखाली ठरले होते. ज्या सुना सासऱ्यांसमोर बोलत नसत, त्यांनाही तिथे मत होते. फक्त त्यांचा हात रुखमाबाई घेत आणि पुरुषांचा वामनराव. कोणते मत जास्त झाले तेवढे सांगायचे. किती आणि कोणाचे, ते दुपट्ट्यातच ठेवायचे.

"आज साऱ्याईचे हात तूच घे," वामनराव बायकोला म्हणाले. "मी दिवसभर पोट्टीजवळ बसलो. माया काटा झुकला आहे. मूठ म्हनजे राहील, उघडा पंजा म्हनजे जाईन. शामलाचा पन हात घे."

"तिचा?" मारोतराव म्हणाला. "लहान आहे ती."

"भेव एवढं मोठं तिनं एकटीनं सांभाळलं. हात काय लहान आहे का तिचा?"

रुखमाबाईंनी दुपट्टा मांडीवर पसरला. कौसल्येचा हात ओला होता, मूठ अशी घट्ट की बांगडी रुतली. पुष्पलताचा हात थंडगार, मूठ. मनोहरचा हात मऊ, मूठ. यमुताईचा हात उघडा आला. रुखमाबाई थांबल्या. तो तसाच थोडा वेळ राहिला आणि मग एक एक बोट मिटत गेले. शामलाचा हात चिमणीसारखा आला, मूठ देऊन भुर्रकन गेला.

मारोतराव शेवटी आला. पोत्यांनी आणि सुतळीने घट्टे पडलेला तो हात रुखमाबाईंनी धरला आणि त्यांना बैलगाडी आठवली. नऊ वर्षांचा मारोत. गावात शाळा नव्हती, म्हणून त्याला उमरेडला मामाकडे पाठवले होते. गाडी हलली तरी त्याने त्यांचा हात सोडला नव्हता. सोडवावा लागला होता, बोट बोट करून. तेव्हापासून हा मुलगा कुठल्याही गोष्टीसाठी आईजवळ रडला नाही. मामाच्या त्या घरात त्याला कशाचे भय वाटले होते का, हे कोणी विचारले नव्हते. त्यांनीही नाही. आता दुपट्ट्याखाली त्याने मूठ दिली आणि हात काढून घेतला नाही. रुखमाबाईंनीही घाई केली नाही.

शेवटी त्यांनी दुपट्टा झटकला.

"राहते," त्या म्हणाल्या. मग घडी घालता घालता म्हणाल्या, "सहाच्या सहा मुठी आहेत."

"अवं!" वामनराव ओरडले. "गिनती सांगाची नसते! कोनाचा हात काय बोलला ते कळते ना अशानं!"

"कळू द्या. मी काय बाजारात बसते का?"

सगळ्यांनी मारोतरावाकडे पाहिले. मारोतराव पंख्याकडे पाहत होता. शामला उठून त्याच्यासमोर गेली. "बाबूजी, तुमी पन?"

"हात झोपला होता माझा," तो म्हणाला.

यमुताई हसता हसता रडू लागली. कौसल्येने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटले, "ताई, आज राहून जा. भाकरी टाकते." सहाची बस कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

संध्याकाळचा नमुना अजून बाकी होता. पावणेसहाला हिंदी सिनेमा लागणार होता. वामनरावांनी पाय दिवाणावर घेतले. "मी थकलो. बुडचा नमुना बापानं काढावा."

"मी?" मारोतराव म्हणाला.

"तुले आज दुकान नाही."

तोवर दार ढकलून गल्ली आत येऊ लागली. दर रविवारी यायची तशी. कोणी चटई घेऊन, कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी शेंगांचा पुडा. शेजारच्या बायका भिंतीशी बसल्या, मुले पुढे, दारात चपलांचा ढीग झाला. पाच मिनिटांत बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. घराचा कर्ता मुलगा टोपी हातात घेऊन स्वतःच्याच बैठकीच्या कडेला उभा होता आणि माणसांवरून नजर फिरवत होता. पहिल्या रांगेत त्याची मुलगी बसली होती. तो लोकांच्या पायांवर पाय देत, "सरका गा, सरका वं" म्हणत तिच्यापर्यंत गेला आणि वाकून, परक्याच्या घरी विचारावे तसे त्याने विचारले,

"जागा आहे का इथं?"

शामलाने वर पाहिले आणि गुडघे पोटाशी घेऊन जागा केली.